वर्ना पुढच्या दाराने गेली

आमच्या टॅनर्सबर्गमध्ये वर्ना स्टकीइतकी संशयी बाई दुसरी नाही, आणि हे मी कौतुकाने सांगते आहे. दुकानात अंड्यांचा डबा घेतला की ती एकेक अंडं उलटून बघते. चर्चमध्ये नवा पाद्री आला तेव्हा सगळ्यांनी त्याला केक नेऊन दिले, वर्नाने त्याच्या आधीच्या गावी फोन लावला. माझ्या पार्लरमध्ये केस रंगवायला बसली की बाटली आधी हातात घेऊन वाचते. मी एकदा वैतागून म्हटलं, "वर्ना, विष नाही घालत मी." तर म्हणाली, "घालणारी कधी सांगते का गं?"

निवृत्त होईपर्यंत तिने शाळेची बस चालवली. पाठीमागच्या सीटवर काय चाललंय ते आरशात बघत गाडी हाकायची सवय अशी अंगात मुरली, की आता रस्त्यावर चालतानाही मान अर्धी वळलेली असते. तिच्या बसमधून अर्धं गाव शाळेत गेलं. टॉबीसुद्धा.

टॉबी म्हणजे लव्होनचा एकुलता एक मुलगा. लव्होन वर्नाची शाळेपासूनची मैत्रीण, वर्ना जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकते अशी गावातली बहुतेक एकटीच. टॉबीने शेजारच्या वेंडेल क्राउसला आपली झाडं कापायची करवत दिली होती. वेंडेल ती परत देईना. एका सोमवारी संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉबी त्याच्या मागच्या अंगणातल्या शेडपाशी गेला आणि दार ओढू लागला. वेंडेलने मागच्या ओसरीवरून गोळी झाडली, टॉबी जागीच गेला. त्याचं म्हणणं, पोराच्या हातात काहीतरी चमकलं, मी जीव वाचवला. हातात टॉर्च होती. पोलिसांनी वेंडेलला चौकशी करून घरी सोडलं, कारण आमच्याकडचा कायदा घरमालकाला बराच मोकळा हात देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टीव्हीच्या गाड्या. एक वाहिनी म्हणे, घर ज्याचं, हक्क त्याचा. दुसरी म्हणे, एका करवतीपायी पोराचा जीव घेतला. एकीने टॉबीचा शाळेच्या फुटबॉल संघातला फोटो लावला, दुसरीने दारू पिऊन गाडी चालवताना पकडला होता तेव्हाचा पोलिसांनी काढलेला. त्या पोराचे केस मी तो खुर्चीवर फळी टाकून बसायचा तेव्हापासून कापले. दोन्ही फोटो खरे होते. म्हणूनच मला दोन्ही वाहिन्यांचा राग आला.

आता वर्नाचं. वेंडेलच्या बायकोला, इमोजीनला, कॅन्सर झालाय. चर्चच्या बायकांनी तिच्या घरी जेवण पोचवायच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत आणि मंगळवार वर्नाचा. गोळी सोमवारी चालली म्हणून मंगळवारी आजारी बाईला भूक लागायची थांबत नाही. वर्नाने नूडल्स आणि ट्यूना मासा ओव्हनमध्ये भाजून काचेचं भांडं भरलं, वर फॉइल लावलं आणि निघाली. आमच्याकडे ओळखीचं माणूस मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने आत जातं. पुढचं दार विमा विकणाऱ्यांसाठी. पण वेंडेलच्या मागच्या अंगणाला पोलिसांची पिवळी पट्टी, त्यामुळे वर्नाला पुढच्या दाराने जावं लागलं. सगळ्या कॅमेऱ्यांसमोरून.

त्याच दुपारी ती लव्होनकडेही गेली, हॅम आणि बटाटे घेऊन. तिथे नेहमीसारखी मागून. तिथे कॅमेरा नव्हता.

संध्याकाळी वर्ना टीव्हीवर. हातात भांडं, दार उघडतंय, आणि खाली अक्षरं: गोळी झाडणाऱ्याच्या पाठीशी शेजारी ठाम. मग ते चित्र देशभर फिरलं. तिला कौतुकाची कार्डं आली, कुणीतरी टेक्सासहून टोपी पाठवली. आमच्याच गावातल्या कुणीतरी तिच्या टपालपेटीवर अंडी फोडली. कोणी, याचा मला अंदाज आहे, पण ती बाई माझ्याकडे केस सेट करायला येते. या सगळ्याचं वर्नाला फारसं काही वाटलं नसतं. पण लव्होन तिचा फोन घेईना.

"तिला सांग ना तू," मी म्हटलं, "की जेवणाची पाळी तुझी होती."

"तिला माहीत आहे पाळी होती."

"मग?"

"मग काहीतरी वेगळं आहे," वर्ना म्हणाली.

बातम्यांवरून एवढा गदारोळ झाला की शेवटी ते चित्र दाखवणाऱ्या वाहिनीनेच अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा बोलावली. लोकांनी बोलावं, आम्ही ऐकू, असं म्हणे. ऐकायला येताना कॅमेरेही घेऊन आले. वर्नाने त्या दिवशी माझ्याकडून केस सेट करून घेतले. लव्होन सभेला येणार हे तिला कळलं होतं.

ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "तुम्ही माझ्याबद्दल खोटं दाखवलंत."

वाहिनीचा मोठा साहेब, हेंड्रिक, फार गोड बोलणारा. "बाई, तुम्ही त्या घरी जेवण नेलंत की नाही?"

"नेलं. त्याच्या आजारी बायकोसाठी."

"आम्ही तेच दाखवलं. चित्रात खोटं काय होतं तेवढं सांगा."

"खालची अक्षरं. आणि मी लव्होनकडेही गेले होते, ते कुठंय?"

"तिथे आमचा माणूस नव्हता. नव्हतं ते कसं दाखवणार?"

अर्ध्या हॉलने टाळ्या वाजवल्या, अर्ध्याने हुर्यो केली. मला तो माणूस तेव्हाही पटला नाही आणि आताही पटत नाही. 

तेवढ्यात लव्होन उठली. साहेबाकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"वर्ना, तू आत गेल्यावर वेंडेलला जवळ घेतलंस का?"

आत कॅमेरा नव्हता. वर्ना नाही म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? 

"घेतलं," वर्ना म्हणाली. "तो रडत होता."

"कुणासाठी? माझ्या टॉबीसाठी, की आता आपलं काय होणार म्हणून?"

"मी विचारलं नाही."

"तू?" लव्होन म्हणाली. "तू अंड्यांवर संशय घेतेस. देवाच्या माणसावर घेतलास. माझ्या पोराला मारणाऱ्यालाच तेवढं कसं सोडलंस?"

 वर्ना खाली बसली. बातम्यांत यातलं काहीच आलं नाही. आल्या त्या टाळ्या आणि ती हुर्यो.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्नाचा मला फोन. "गाडी काढ. मला साक्षीदार पाहिजे." मी वेंडेलच्या घरासमोर गाडीची काच खाली करून बसले. वर्ना रिकाम्या हातांनी गेली आणि दार वाजवलं. वेंडेल ओसरीवर आला, आठवडाभर दाढी न केलेला.

"इमोजीनचं जेवण मंगळवारी येईल," वर्ना म्हणाली. "आज मी तुझ्यासाठी आलेय. त्या दिवशी तू कुणासाठी रडत होतास?"

तो दारापर्यंत मागे सरला. 

"वकिलाने बोलू नको म्हटलंय, वर्ना."

"मी टीव्हीवाली नाही, वेंडेल. माझ्याच बसमधून तुझ्या मुली शाळेत गेल्या."

"कुणाशीच नको म्हटलंय," तो म्हणाला आणि दार लोटलं. हळूच लोटलं, हेही सांगायला हवं.

तिथून आम्ही किराणा दुकानात गेलो. लव्होन तिथे गल्ल्यावर असते, टॉबीनंतर नुकतीच पुन्हा कामावर येऊ लागली होती. वर्ना ब्रेड घेऊन तिच्या रांगेत उभी राहिली. मी मागे.

"विचारलं त्याला," वर्ना म्हणाली. "वकिलाने बोलू नको म्हटलंय म्हणाला."

लव्होनचा हात ब्रेडवर थांबला. "म्हणजे स्वतःसाठीच रडत होता."

हो म्हणणं किती सोपं होतं. मी असते तर म्हणाले असते, तिला तेवढाच आधार. वर्नाचे डोळे भरून आले, पण तिने नकाराची मान हलवली.

"ते मला माहीत नाही, लव्होन."

लव्होनने ब्रेड बाजूला ठेवला. मग गल्ल्याच्या बाजूने बाहेर आली आणि एप्रनसकट तिच्या गळ्यात पडली.

"टॉबी गेल्यापासून जो येतो त्याला सगळं माहीत असतं," ती म्हणाली. "माहीत नाही म्हणणारी तूच पहिली."