लशीचा पहिला मान

आमच्या गावात कोरोनाची पहिली लस मी घेतली, असे सगळे म्हणतात. ग्रामसभेत तसे बोलले गेले. देवळासमोर मला शाल आणि नारळ दिला तेव्हाही बोलले गेले आणि मी मान खाली घालून ऐकून घेतले. लोकांना तो माझा विनय वाटला. आता देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघते आहे. तिच्यात माझ्याविषयी चार ओळी येणार आहेत आणि त्यातली एक ही लशीची आहे, असे कळले. म्हणून हे लिहितो. आमच्या गावात पहिली लस माझ्या वहिनीने घेतली. मी त्या वेळी घरात बसून होतो.

हा घोटाळा कसा झाला ते कळायला आमच्या गावची रीत सांगावी लागेल. फोंडाघाटाच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, भातशेती आणि काजूच्या बागांचे आमचे गाव. इथे कुठल्याही गोष्टीला पहिला हात मानकऱ्याचा. भात कापायचे तर पहिला विळा मानकरी घालतो, होळी उभी करायची तर पहिला खांदा त्याचा. हा मान आमच्या घराकडे आहे. थोरला भाऊ गेल्यावर तो माझ्याकडे आला. तालुक्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून आयुष्य काढले, पण गावात माझी ओळख मानकरी हीच.

घरात मी आणि वहिनी. माझी पत्नी आधीच गेली होती, मुले बाहेर. वहिनी माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान, तिला दम्याचा त्रास. तिची एकुलती मुलगी कोल्हापूरला दिलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी येणार होती. दुसरी लाट भरात होती. वहिनीने एकच धोशा लावला होता. लस घेतल्याशिवाय ती होणाऱ्या बाळाला हात लावणार नव्हती, आणि हात लावायला दुसरे माणूस नव्हते. लेकीला न्हाऊमाखू घालायचे, बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालायची, हे सगळे तिच्यावरच होते.

अशात आमच्या शाळेत लस देणार असल्याची दवंडी फिरली. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवले होते की एका बाटलीत दहा जणांची लस असते, बाटली फोडली की ती थोड्या तासांत संपवावी लागते. दहा माणसे बसली तरच फोडणार. नाहीतर डबा उचलून पुढच्या गावाला जाणार, आणि पुन्हा कधी येणार ते सांगता येत नाही.

शाळा आमच्या घरासमोरच, पाणंदीच्या पलीकडे. सकाळी तिच्या पडवीत तीसेक माणसे जमली. आधारकार्डे हातात, तोंडाला फडकी. पण खुर्चीवर कोणी बसेना. मी आमच्या पडवीत दाराआड बसून हे बघत होतो. बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

नर्सबाई घाटावरच्या. त्यांनी विचारले, "पहिलं कोण?"

"मानकरी येवंदेत," एक म्हातारा म्हणाला.

"ते लस टोचतात का?"

"टोचणत नाय, बाई. पण पयलो मान तेंचो."

"अहो, ही काय पालखी आहे का?"

"पालखी नाय म्हणान तर भिती वाटता," मागून कोणीतरी म्हणाले आणि पडवीभर हसू पसरले. पण उठले कोणी नाही. एका बाईने शेजारणीला ढोसले, "तू बस गो." ती म्हणाली, "माका कित्याक ढकलतंस? मेलंय तर माझी म्हस कोण पिळतलो, तू?"

हे ऐकून मी निरोप पाठवला की मला सुतक आहे, मी येऊ शकत नाही. मुंबईतला एक भाऊबंद गेला होता हे खरे. पण ते सुतक केव्हाच फिटले होते. खरी गोष्ट अशी की मी भ्यायलो होतो. नांदगावचा माझा कचेरीतला जुना सोबती लस घेतल्यावर आठवड्याभरात गेला होता. त्याला हृदयाचा विकार होता आणि तो अनेक वर्षांचा होता, हे मला ठाऊक होते. त्या दिवसांत ते आठवेनासे झाले होते.

शाळेत गेलेली वहिनी पाणंद ओलांडून घरी आली.

"भावजी, चला. तुमी बसल्याशिवाय कोणच बसणा नाय. ती बाई डबो आवरूक लागली."

"माका सुतक आसा."

"खंयचा? त्या सुतकाच्या न्हाणाचा पाणी मीच तापवलंय. कधीचा फिटला ता."

"दुसरी बातमी इली," मी म्हणालो.

"कोण गेलो?"

माझ्या तोंडाशी एक नाव आले होते. मुंबईतल्याच एका चुलतभावाचे, जिवंत आणि धडधाकट माणसाचे. ते मी गिळले. त्या दिवसांत रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याचा फोन येत होता आणि मी एक मरण तयार करायला निघालो होतो. वहिनीने पुन्हा विचारले नाही. तिने खुंटीवरची पिशवी घेतली, त्यातले आधारकार्ड चाचपले आणि गेली.

मला वाटले, आता ती सगळ्यांसमोर सांगणार. सुतक-बितक काही नाही, माणूस घाबरून दाराआड बसला आहे. पण तिने तसे काही केले नाही. ती सरळ पडवीत चढली आणि खुर्चीकडे निघाली.

"वैनी, तुमका सुतक मां?" त्याच म्हाताऱ्याने विचारले.

"सुतकात देवळात जावचा नाय. ही शाळा आसा. आनी सुई म्हणजे काय नैवेद्य?"

"ता बरोबर. पण मान?"

"मान घराचो आसा. घरातसून मी इलंय."

माणसे एकमेकांकडे बघू लागली. एक जण चाचरत म्हणाला, "पण वैनी, तुमी म्हणजे..." आणि थांबला. त्याला काय म्हणायचे होते ते सगळ्यांना कळले. वहिनी विधवा. आमच्याकडे विधवा बाईला पहिल्या ओटीला, पहिल्या दिव्याला कोणी पुढे बोलावत नाही. भाऊ गेल्यापासून ती स्वतःच प्रत्येक कार्यात मागच्या दारी बसत आली होती. मी तिला कधी पुढे ये म्हटले नव्हते.

"व्हय, मी," ती म्हणाली. "सुई कपाळाक मारणत नाय. दंडाक मारतत."

कोणी हसले नाही. वहिनीने खुर्चीवर बसून बाही वर केली. बाटली अजून फोडली नव्हती. वहिनी नर्सबाईंना म्हणाली, "माझ्या मागसून नऊ जणांका उभ्या करा, मगेच फोडा." मग मागे वळून म्हैसवालीला हाक मारली, "येगो, तुझी म्हस मी पिळतंय. मी मेलंय तर मात्र तुझा तू बघ." म्हैसवाली आली. तिच्यामागे म्हातारा आला. मग रांग लागली. नर्सबाईंनी डोकी मोजली आणि बाटली फोडली.

दुपारी लोक घरी जाताना आमच्या अंगणापुढून गेले. मला पडवीत पाहून म्हाताऱ्याने हात केला, "तुमचो मान झालो हा." संध्याकाळी वाडीत बोलले जात होते की मानकऱ्यांची झाली. दोन दिवसांनी ते मानकऱ्यांनी घेतली असे झाले. कोणी खोटे बोलले नाही. रीतच अशी की घरातल्या कोणीही केले तरी नाव मानकऱ्याचे. मला फक्त एकदा तोंड उघडून 'मी नव्हे' म्हणायचे होते.

लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीला सणकून ताप आला, अंग ठणकत होते. न घेतलेले अर्धे गाव तिच्याकडे डोळे लावून होते. ती उठली, डोक्याला पदर गुंडाळला आणि खराटा घेऊन अंगण झाडू लागली. अंगण सकाळीच झाडून झालेले होते. मी म्हटले, "पड जरा." ती म्हणाली, "पडलंय तर लोक म्हणतीत, बाई गेली. बघूंदेत, उभी आसंय." पाणंदीने जाणाऱ्या प्रत्येकाशी ती दोन शब्द बोलली. आत येऊन भिंतीला टेकून बसली तेव्हा तिला धाप लागलेली मी पाहिली. पुढच्या खेपेला शाळेत दोन बाटल्या लागल्या, त्या तिच्या त्या झाडण्यामुळे, असे मी अजूनही मानतो.

पुढे भाची आली. कणकवलीत सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. ती बाळाला घेऊन घरी आली त्या दिवशी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाळंतिणीच्या खोलीशी गेलो. वहिनी दारात आडवी झाली.

"थंयच ऱ्हवा."

"अगो, मी आजो मां तेचो."

"आजो व्हय." तिने आवाज खाली आणला, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. "पण सुई खंय घेतलास? गावाक म्हायत नाय. माका म्हायत आसा."

त्या वाक्यात राग नव्हता. शाळेत तिने माझी अब्रू राखली होती, इथे ती नातवाला राखत होती. दोन्ही कामे एकाच बाईने, एकाच शांतपणे केली.

मी फोंडाघाटच्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथे मला कोणी मानकरी म्हणून ओळखत नव्हते. रांगेत उभा राहिलो, भिंतीच्या सावलीत सरकत सरकत. आमच्या गावचा एक रिक्षावाला तेवढ्यात दिसला. म्हणाला, "काय काका, दुसरो डोस?"

"व्हय," मी म्हणालो. तेही खोटेच.

सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही.

वहिनीने त्यानंतरही मला काही दिवस खोलीबाहेरच ठेवले. मग एका सकाळी बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन बाहेर आणले आणि न विचारता माझ्या मांडीवर ठेवले. "मानेखाली हात घाला," म्हणाली. "तसो नाय. हां, असो."

स्मरणिकेचे कळल्यावर मी गेल्या आठवड्यात तिला सांगितले की त्यात खरे काय ते छापायला लावतो. ती कोकमाची साले पसरत होती.

"कित्याक? लोक इचारतीत, मानकरी तवा खंय होतो."

"घरात होतंय म्हणान सांगतलंय."

"आनी सुतक?"

"ता पण."

तिने उरलेली साले पसरून संपवली. मग म्हणाली, "तर माझा पण खरा लिवा. तुमका वाटता मी धीराची. मी खूप भियाललंय. माका काय झाला असता तर चेडवाचा बाळंतपण कोणी केला असता, ह्याच डोक्यात होता. त्या बायचो हात मी असो धरून ठेवलेलो, ती म्हणाली, सोडा, नायतर टोचू कशी."

हे तिने इतक्या वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. मी दाराआडून पाहत होतो तेव्हा मला तिची पाठ दिसत होती, हात दिसत नव्हते.

स्मरणिकेच्या मुलांना मी हे सगळे सांगितले आहे. ते म्हणाले, काका, एवढे चार ओळींत बसणार नाही. मी म्हटले, मग माझ्या चार ओळी काढा.