आंग मो किओमध्ये मी भूत झालो त्याची गोष्ट

"आजोबा, मला तुमचा फोटो पाहिजे. मेलेल्या माणसाचा."

माझी नात रेवा फोनवर असं म्हणाली आणि मी हातातला कप खाली ठेवला. ती सिंगापूरला फिल्म शिकते. वाक्य मराठीत सुरू करते आणि इंग्रजीत संपवते. तिची मैत्रीण मेई-यी स्वतःच्या आजीला घेऊन कँटोनीज भाषेत एक भुताची छोटी फिल्म करत होती. निर्माता वगैरे कुणी नाही, शिकवण्या करून साठवलेले पैसे. आवाज रेवाकडे. गोष्ट अशी: म्हातारीच्या समोरच्या फ्लॅटमधला भारतीय शेजारी मरतो, पण त्याचं संध्याकाळी कविता म्हणणं दाराआडून ऐकू येतच राहतं.

"सारख्या कविता कोण म्हणतं? तुम्हीच ना! या ला, आजोबा." (तिथे बोलताना असा 'ला' शेपटासारखा लावतात.)

आता हे सांगायला हवं की मी शहात्तर वर्षांचा आहे आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या छातीत स्टेंट बसला. रेवाला ते सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तरी मनात धाकधूक होतीच. पुण्यातल्या घरी बायकोच्या फोटोशेजारी एक रिकामा खिळा आहे. फ्रेमवाल्यानं तेव्हा एकाऐवजी दोन ठोकले. म्हणाला, "असू द्या काका, पुढेमागे लागेल." तीन वर्षं मी रोज तो खिळा बघतोय.

जाणाऱ्यांसाठी: व्हिसा एजंटकडूनच करा. अरायव्हल कार्ड प्रवासाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून जपा. मुंबईहून साडेपाच तास. गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन मी तीन ठिकाणी ठेवलं होतं, तरी चांगी विमानतळावर रांगेत उभं राहून तीनदा चाचपलं.

मुलगी शुभांगी, म्हणजे रेवाची आई, जुरोंग ईस्टला राहते आणि बुओना व्हिस्टाला नोकरी करते. शनिवारी रेवानं गॅलरीत माझा फोटो काढला. शुभांगी चपात्या लाटता लाटता थांबली.

"बाबा, नुसता आवाज द्या ना. फोटो कशाला?"

"आपण असलं काही मानत नाही ना?"

"मानत नाही. पण नको."

माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला त्या दिवशी घरातले गंडेदोरे नदीत सोडले. शकुन-अपशकुन आमच्याकडे तेव्हाच संपले. मी हेच शुभांगीला शिकवलं, म्हणून ती पुन्हा लाटायला लागली. चपाती मात्र करपली.

रविवारी सकाळी निघालो. जुरोंग ईस्ट हे रेड लाइनचं टोक, त्यामुळे एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसायला हमखास जागा मिळते. आंग मो किओला पोचायला पाऊण तास धरा. बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. उतरल्यावर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, 'कोपी ओ कोसोंग' मागा: बिनदुधाची, बिनसाखरेची कडक कॉफी, डायबेटिसवाल्यांसाठी वरदान. दीडेक डॉलरला मिळते. गाडीच्या खिडकीतून इमारतींवर रंगवलेले मोठे आकडे मागे पळत होते आणि मला तिसरीचा वर्ग आठवत होता. गुरुजी छडीनं टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही साठ पोरं एका चालीत कविता म्हणायचो. अर्थ नंतर, चाल आधी.

शूटिंग आठव्या मजल्यावर. एका बाजूला मेई-यीच्या आजीचं, म्हणजे पोपोचं घर. समोर रिकामा फ्लॅट. मालकानं तो फक्त त्या दिवशी पाचपर्यंत दिला होता. सोमवारी फरशी फोडायला माणसं येणार होती. खिडक्यांना काळं कापड लावून भर उन्हात रात्र बनवली होती. आणि भिंतीवर मी. काळी चौकट, खाली लाल दिवा, उदबत्ती. फोटो इतका चांगला आला होता की मी नजर दुसरीकडे वळवली.

सुरुवातीला पूजा. कँटोनीज भूतपटांची ही रीत: कॅमेऱ्यासमोर फळं, धूप आणि अख्खं भाजलेलं डुक्कर. या मंडळींना अख्खं कुठलं परवडायला! हॉकर सेंटरमधून तुकड्यांचा एक डबा आणला होता. सगळे वाकले. मी मागे हात बांधून उभा.

मग मेई-यीनं दोन्ही हातांनी मला एक लाल पाकीट दिलं. मी ते परत केलं. तिनं पुन्हा दिलं. "नो नो, घरच्यांकडून काय पैसे घ्यायचे!" म्हणत मी ते सरळ तिच्या खिशात कोंबलं. आपल्याकडे असंच करतात.

पोपो उठली. चौऱ्याऐंशीची बाई, पण आवाज खणखणीत. काहीतरी बोलली, समोर स्वतःच्या घरात गेली आणि दाराची लोखंडी जाळी ओढून घेतली. मेई-यी मटकन जमिनीवरच बसली.

"काय झालं?"

रेवानं हेडफोन गळ्यात उतरवले. "मेलेल्याचं काम करणाऱ्याला ते पाकीट देतात, आजोबा. वाईट त्याच्या अंगाला चिकटू नये म्हणून. तुम्ही परत दिलं. आता ते वाईट कुणाकडे गेलं?"

"मी नाही मानत हे. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"त्या आजीच्या नातीचा प्रश्न आहे! दोन वाजलेत. पोपो आली नाही तर फिनिश्ड ला. असं कँटोनीज बोलणारं दुसरं कोण आहे? मेई-यीलाच अर्धं येतं."

मी जिन्याजवळ जाऊन उभा राहिलो. छातीत धडधडत होतं. ते औषधाचं की मनाचं, कळेना. तत्त्व खरं होतं, ते आजही आहे. पण तिथे एकटा उभा असताना दुसरंही खरं लक्षात आलं. पाकीट घेतलं असतं तर त्या चौकटीत मीच आहे, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि त्याला मी घाबरलो होतो.

जाळीपाशी गेलो. आत पोपो स्टुलावर बसली होती. मागे देव्हारा, एका म्हाताऱ्याचा फोटो, आणि त्याच्या शेजारी भिंत मोकळी. ती मोकळी जागा मला लगेच ओळखू आली.

"पोपो," मी दोन्ही हात पुढे केले. "सॉरी. गिव्ह मी. प्लीज."

तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हाउ ओल्ड?"

"सेव्हंटी-सिक्स."

"यंग!" ती फिस्सकन हसली. जाळी उघडून बाहेर आली, मेई-यीच्या खिशातून पाकीट काढून तिनं स्वतः माझ्या हातात ठेवलं आणि वर एक चापटी मारली. "आ-बाक, टुडे स्पेंड. ऑल. होम नो ब्रिंग."

रेवा कानाशी कुजबुजली, "आ-बाक म्हणजे काका. पास झालात."

पुढचं सगळं अडीच तासांत. मी दाराआड उभा राहून तिसरीतली कविता म्हटली, गुरुजींच्या चालीत. बाहेरून पोपो बोलू लागली. कँटोनीज मला ओ की ठो कळत नाही, पण प्रत्येक शब्दाची उंची वेगळी. म्हणता म्हणता बोलणंच चाल होतं. मी थांबलो की ती, ती थांबली की मी. शेवटी तिचा आवाज चिरला. अभिनय होता की काय, विचारायचं धाडस झालं नाही. मेई-यीनं शेवटचं "कट" म्हटलं तेव्हा पाचला दहा मिनिटं होती.

फोटो पोपोनं माझ्याकडूनच फाडून घेतला. चार तुकडे. इतका बरा फोटो माझा पुन्हा येणार नाही.

पाकिटात दहाची नोट निघाली. खाली हॉकर सेंटरमध्ये सगळ्यांना कोपी आणि काया, म्हणजे नारळाचा जॅम लावलेले टोस्ट घेतले; कोपीचे पैसे त्या नोटेतून, टोस्टचे माझ्या खिशातून. नोट मोडली, मनही हलकं झालं.

पुण्याला परतून महिना झाला. रेवानं फिल्म पाठवली, सोळा मिनिटांची. माझा आवाज मलाच परका वाटला. पण खरं सांगायचं ते वेगळंच. परत आलो त्या दिवशी दारात किल्ली शोधताना खिशातून वीस सेंटचं नाणं निघालं. त्याच दहाच्या मोडीतलं. मी उंबऱ्यावरच थांबलो: 'होम नो ब्रिंग.' मानत नाही मी असलं काही. तरी बॅगा आत नेल्या आणि नाणं बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवलं.

रेवाला फोन केला. ती हसत सुटली, मग पोपोला विचारून आली. "ती म्हणते, पुण्यात खर्च होणार नाही. इथे येऊन करा. तोवर मरायचं नाही, दोघांनीही."

तेव्हाच मी रेवाला स्टेंटचं सांगितलं. तिनं कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. मग म्हणाली, "नाणं आत घेऊ नका हं, आजोबा."

खिळ्यावर सध्या छत्री टांगली आहे. आणि रोज सकाळी दुधाची पिशवी घेताना मी रॅककडे बघतो. नाणं जागेवर आहे ना, ते.