हाय म्हणजे हाय

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी भाईंदरच्या एका मराठी शाळेत सातवीत होते. उत्तनजवळच्या तारोडीहून बसने यायचे. इंग्रजी ऐकलं की समजायचं, पण बोलायला उभी राहिले की दातखीळ बसायची. त्यात आमच्या गावचा हेल ऐकून वर्गातल्या पोरी खी खी करायच्या. डोकं असं फिरायचं माझं! एकदा एकीची वेणी ओढलीच.

त्या वर्षी वरून फर्मान आलं. शिक्षण खात्याचे साहेब येऊन प्रत्येकाला इंग्रजीत प्रश्न विचारणार, कोण किती पुढे गेलं ते बघणार आणि शाळेला जाब विचारणार. हेडसरांची झोप उडाली. साहेबांपुढे जो गप्प बसेल तो सातवीतच राहील, असं त्यांनी सांगून टाकलं. घरी बाबा म्हणाले, "नापास झालीस तर शाला बस झाली. आईबरोबर बोंबील वालत घालायला ये."

माझी पाळी आली. मी उत्तनकडची आहे, एवढं आमच्या इंग्रजीच्या बाईंनी साहेबांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "इज युवर व्हिलेज निअर द सी?"

प्रश्न लख्ख समजला. घाईत तोंडातून निघून गेलं, "हाय!"

"हाय?" साहेब भडकले. "मी काय तुझा मित्र आहे?"

वर्गात नुसता हशा. साहेबांनी पेन उचललं. संपली शाळा, आता बोंबील.

तेवढ्यात बाई पुढे झाल्या. "सर, एक मिनिट. ते इंग्रजीतलं हाय नाही. हिच्या घरी 'आहे'ला 'हाय' म्हणतात. तुमचा प्रश्न तिला कळलाय. खरं वाटत नसेल तर 'नाही' उत्तर येईल असं काहीतरी विचारा."

हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साहेब पुन्हा माझ्याकडे वळले. "इज युवर फादर अ टीचर?"

"न्हाय!" मी जवळजवळ ओरडलेच.

आता साहेबही हसले. "कळतंय की हिला. आठवीत घाला आणि बोलायला शिकवा," म्हणाले.

बाईंनी शिकवलं. आज मी ऑफिसात इंग्रजीत कचाकचा भांडते आणि जिंकतेही, ती सगळी बाईंची कृपा. पण त्याहून मोठे उपकार वेगळेच. एवढ्या भरल्या वर्गात माझ्या घरची बोली त्यांनी कान देऊन ऐकली होती. हसायला तर सगळेच तयार होते. बाई, तुमचं हे ऋण मला फेडायचंच नाहीये, राहू दे तसंच.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले, तेव्हा बाबा अंगणात जाळं शिवत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालीस पास?"

त्यांच्यासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी बोलले. "यस."

बाबांनी दोरा तोडला. "मग उद्या बस चुकवू नको," म्हणाले.