मावशीचं आधण

आमची मावशी सकाळी सहाला आधी आधण ठेवायची आणि मग त्यात काय घालायचं याचा विचार करायची. वृद्धाश्रमातल्या सतरा जणांचा स्वयंपाक तिच्याकडे होता. "पाणी ठेवणं माझं काम. आत काय घालायचं ते तो बघेल," असं म्हणत ती डाव छताकडे रोखायची. छताला ओल आली होती, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं, बाई गळतीची तक्रार करतायत.

उरलेलं उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. "उद्याची सोय आपणच केली, की देवाला वाटतं आपल्याला कामावरून काढलं."

मी तिची भाची. आश्रमात चादरी बदलायचं आणि गाद्या उलटायचं काम माझं, त्यामुळे खरी परिस्थिती फक्त मला ठाऊक होती. मावशीच्या या देवावर तिथे कुणाचाही काडीचा भरवसा नव्हता. जेवताना सगळे मान डोलवायचे आणि जाताना कोठीतलं मूठभर काहीतरी उचलून गादीखाली सारायचे. पोस्टमनकाकांकडे मसूर. शिवणवाल्या आजींकडे साखर. आणि रोज प्रामाणिकपणावर व्याख्यान झोडणाऱ्या हेडमास्तरांकडे पायमोज्यांत तांदूळ, दोन्ही पायांच्या. प्रत्येकाने मला वेगळी शपथ घातली होती.

मग नदीवरचा पूल खचला आणि सामानाची गाडी बंद झाली. कोठी चार दिवसांत रिकामी झाली. तरी रोज काही ना काही येत गेलं. बेकरीवाल्याने पाव दिले, कुणी बटाटे आणून टाकले, एकाने एवढा थोरला भोपळा दिला की मावशीचा नियम मोडून तो तीन दिवस पुरला. दहाव्या दिवशी काहीच आलं नाही. आला तो आश्रमाच्या अध्यक्षांचा निरोप: दुपारी जेवायच्या वेळी येतो, ताटं रिकामी दिसली तर आश्रम बंद, एकेकाला जागा मिळेल त्या गावी पाठवू. अकरा वर्षं एका खिडकीवरून भांडणारे पोस्टमनकाका आणि हेडमास्तर त्या सकाळी त्याच खिडकीपाशी गुपचूप शेजारी-शेजारी बसले. मला ते बघवेना.

साडेअकरा वाजले. आधण उकळून उकळून आटलं, मावशीने दोनदा पाणी वाढवलं. शेवटी ती जेवणघरात येऊन वर बघत कडाडली, "हे बघ, मी आजवर एक दिवस खाडा केला नाही. तू आजच केलास? ही माणसं जाणार कुठे?"

कुणी कुणाकडे बघेना. सतरा शपथा पोटात घेऊन मी खांबाला टेकून उभी. तेवढ्यात हेडमास्तर उठले. "चष्मा विसरलो खोलीत," म्हणाले. चष्मा नाकावरच होता. परत आले ते दोन टम्म पायमोजे घेऊन. मावशीसमोर ठेवून हळूच म्हणाले, "धुतलेले आहेत."

मग काकांना औषध आठवलं, आजींना रुमाल. दहा मिनिटांत टेबलावर मसूर, साखर, बिस्किटं, कोंब फुटलेले बटाटे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, म्हणतात. आमच्या हरीने खाटेखाली दिलं होतं.

"हे माझ्याच कोठीतलं!" मावशी ओरडली. "आणि मी चार वर्षं उंदरांना शिव्या घालतेय!"

पण तांदूळ पुरेना. मावशीने पायमोजे उलटे करून शेवटचा दाणाही झटकून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या खाटेखाली ट्रंक आहे. शालीखालचा डबा घेऊन ये."

मी थक्क. ती आपलं अंथरूण आपणच घालायची, मला काय कळणार? डबा तांदळाने काठोकाठ भरलेला होता, झाकणाला चिकटपट्टी लावलेली.

"बाई, तुम्हीसुद्धा?" हेडमास्तर म्हणाले. आवाजातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही.

मावशी लालबुंद झाली. "विश्वास आहे माझा त्याच्यावर. पण त्याचंही वय झालंय. म्हटलं, एखाद्या दिवशी विसरला तर?"

कुणी हसलं नाही. विसरणं काय असतं ते तिथे सगळ्यांना माहीत होतं.

सगळं एकाच पातेल्यात शिजलं. अध्यक्ष दोन ताटं जेवले आणि पदार्थाचं नाव विचारू लागले. "अजून बारसं व्हायचंय," मावशी म्हणाली. पूल होईपर्यंत आश्रम चालू राहील, असं सांगून ते ढेकर देत गेले.

संध्याकाळी मी गाद्या उलटल्या, तर सगळ्या सपाट. स्वयंपाकघरात मावशी पातेलं घासत होती.

"मावशी, आता कुणाकडेच काही नाही. उद्या काय?"

"आता मात्र खरंच त्याच्यावर सोडावं लागणार गं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता. मग राखेने माखलेले हात तिने धुतलेही नाहीत, तसेच जोडले.