चिंचेचा खटला

चर्चमधले किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. उपासना झाल्यावर सतरंज्या गुंडाळायला आणि चहाचे कप विसळायला जो मागं थांबतो, त्याच्याकडं ते आपोआप साठत जातात. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे वीसेक वर्षं कपच विसळतेय! आमचं गाव कुंडलपासून जवळच. चर्च लहान, माणसं मोजकी आणि रुसवे मात्र भरपूर.

*

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा कप घ्यायच्या आधी पाच मिनिटं सगळं शांत. त्या वेळात, ज्याच्याशी आपलं वाकडं असेल त्याच्याकडं जायचं, क्षमा मागायची आणि मगच कपाला हात लावायचा, असा आमचा जुना रिवाज आहे.

एकदा मार्थामावशी माझ्या बाकापाशी आल्या. मंडळातल्या सगळ्यात थोरल्या. माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी.

"बाई, मला क्षमा कर गं."

"अहो मावशी, कशाबद्दल?"

"नाताळात तुझ्या करंज्यांना मी दगड म्हणाले."

"कुणापाशी?"

"सगळ्यांपाशी!"

मला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं हो! मावशी मन हलकं करून गेल्या, शांतपणे प्रभुभोजन घेतलं, अन् माझ्यापुढं कप आला तेव्हा मलाच घेता येईना!

*

पण ह्या रिवाजाला पुरून उरले ते दोघंच. शमुवेलकाका आणि साळवे गुरुजी.

चर्चच्या आवारात एक डेरेदार चिंच होती. संडे स्कूल तिच्याखाली भरायचं, सोयरिकी तिच्याखाली जमायच्या. अकरा वर्षांपूर्वी ती उभीच्या उभी वाळली. बघतो तर काय, बुंध्याला गिरमिटानं भोकं पाडून आत मोरचूद भरलेला! आता मोरचूद आमच्या भागात घरोघरी. द्राक्षबागेच्या फवारणीला लागतोच. पण संशय गेला शमुवेलकाकांवर. त्यांचं घर आवाराला लागून, आणि चिंचेचा पाला माझ्याच कौलांवर पडतो म्हणून त्यांची रोजची कटकट.

कमिटी बसली. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी स्वतः, ह्या डोळ्यांनी, शमुवेलला गिरमिट घेऊन झाडापाशी पाहिलं."

मुख्याध्यापकांचा शब्द! त्यावर कोण काय बोलणार? काका कमिटीवर होते, प्रभुभोजनाचे कप वाटायचा मान त्यांचा होता. दोन्ही गेलं. काका एवढंच म्हणाले, "गुरुजीनं बघितल्यालं न्हाई." पुढं अकरा वर्षं ह्या वाक्यात एक शब्द कमी नाही की जास्त नाही.

गंमत बघा, प्रभुभोजनाच्या रसाला द्राक्षं अजून काकांच्याच बागेतली येतात. पण कपांचा ट्रे शेवटच्या बाकापर्यंत आला, की काका तो तसाच पुढं सरकवतात. एकदाही घेतलं नाही त्यांनी.

*

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून नवे पाळकसाहेब आले. वय कमी, उत्साह दांडगा. आल्या आल्या म्हणाले, "ह्या दोघांचा समेट मी करणार!" आणि दोघांना चहाला बोलावलं. गुरुजींनी बीपीचं कारण सांगितलं. काका आले. चहा मी दिला, म्हणून ऐकायला मिळालं.

"काका, गुरुजींना क्षमा करून टाका."

"क्षमा कवाच केलीया. न्याय तेवढा ऱ्हायलाय."

"न्याय देव करील, काका."

"करंल की! पन द्येवाकडं लय गर्दी हाय. तुमी रिकामंच हायसा."

पाळकसाहेबांनी चहात बुडवलेलं बिस्कीट कपातच राहिलं.

*

मग त्यांनी क्षमेवर संदेश दिला. पाऊण तास! विषय इतका उघड, की कमिटीतली माणसं माना खाली घालून बसली होती. उपासनेनंतर गुरुजी दारात म्हणाले, "उत्तम! शमुवेलनं लक्ष देऊन ऐकलं असेल अशी आशा आहे."

पाठोपाठ काका आले. "लय भारी बोललासा, साहेब. गुरुजीला बराबर लागू पडतंय."

पाळकसाहेब माझ्याकडं वळले. "निदान तुम्हाला तरी काही मिळालं का हो?"

काय सांगू त्यांना? पाऊण तास मी मार्थामावशींकडं बघत होते!

*

गेल्या वर्षी मिरजेला गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भेटायला मी आणि पाळकसाहेब गेलो होतो. पट्टी काढल्यावर बघतो तर दारात काका! हातात द्राक्षांची पेटी. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघून खूण केली, झालं काम!

काकांनी पेटी खाली ठेवली आणि दारातनंच तीन बोटं वर केली.

"गुरुजी, किती हायती?"

"तीन."

"झ्याक दिसतंय की! मग आता सांगा, त्या टायमाला काय दिसलं हुतं?"

गुरुजींनी भिंतीकडं तोंड केलं. द्राक्षं तेवढी ठेवून घेतली.

*

आणि हा परवाचा. गुरुजी लेकीकडं पुण्याला कायमचे निघाले. शेवटचा रविवार, त्यात प्रभुभोजनाचा. मला सकाळपासून रुखरुख लागलेली. गुरुजी गेले की त्यांची साक्ष तशीच राहणार, काकांच्या नावावरचा डाग तसाच राहणार, आणि काका कप न घेताच एक दिवस जाणार.

शाल-श्रीफळ झालं. गुरुजींनी माईक घेतला. आता तासभर शाळेच्या आठवणी म्हणून मी मागं टेकून बसले. तर म्हातारा शेवटच्या बाकाकडं वळला.

"शमुवेलला मी पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यानंच केलं ह्याची खात्री होती, म्हणून पाहिलं म्हणालो. अकरा वर्षं ह्या चर्चमध्ये मी खोटा साक्षीदार म्हणून बसतोय. शमुवेल, मला क्षमा कर."

मार्थामावशी हुंदके द्यायला लागल्या. मी पण रडले, खोटं कशाला सांगू! पाळकसाहेब तर दोन्ही हात पसरून उभे, चेहऱ्यावर नुसता आनंद.

शेवटच्या बाकावरनं काका उठले. हळूहळू पुढं आले. गुरुजींचा हात हातात घेतला.

"गुरुजी, क्षमा हाय. पार मनापास्नं."

"हालेलूया!" पाळकसाहेब ओरडले.

काकांनी हात सोडला नाही. खाली बघत म्हणाले, "आता माझं बी ऐका. चिंच मीच मारली."

गुरुजींच्या हातातला माईक चालूच होता.

"अरे, म्हणजे मी खरंच बोललो होतो की रे!"

"व्हय गुरुजी," काका म्हणाले, "पन खोटं बोलून!"