कमलाक्षीच्या चाळीस दीर्घिका

गोव्यातल्या मये गावच्या बावीस माणसांच्या घरात कमलाक्षी सून होऊन आली ती पुण्याची एम.एस्सी. घेऊन. सकाळी डिचोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि दुपारी भांडी आवरली की खिडकीशी बसून दीर्घिका मोजायची. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. पुण्याचे तिचे सर टपालानं नकाशे पाठवत. प्रत्येक दीर्घिकेच्या तबकडीत वायू कुठवर पसरलाय ते ती फूटपट्टीनं मोजून लिहून ठेवी. वायू आहे तोवर नवे तारे जन्मतात. पण अशी दीर्घिका दीर्घिकांच्या मोठ्या घोळक्यात शिरली, की तिथला तापलेला विरळ वायू समोरून रेटतो आणि हिच्याजवळचा कडेकडेनं काढून नेतो. जुने तारे जागच्या जागी राहतात, नवे होत नाहीत. चार वर्षांत तिनं अशा चाळीस मोजल्या. पोरखेळ होता काय तो!

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षीच्या जूनमध्ये सरांचं पत्र आलं. संशोधकाची एकच जागा आहे, सोळा तारखेला मुलाखत, निबंधही तुझ्याच नावानं छापू. नवरा गोकुळदास म्हणाला, "तिकीट काढतो."

अकरा तारखेला इब्रामपूरचे चुलत सासरे वारले. घराला दहा दिवसांचं सुतक. कोणी नको म्हटलं नाही हो, तीच तर रड! सासू देवकी म्हणाली, "जा गो बाय, तुका कोण अडवता?" तेवढ्यात समाचाराला माणसं आली. त्यांना चहा कोण देणार? थोरली जाऊ कंबर धरून बसलेली. सुतकातली बाई परगावी गेली तर भावकी काय म्हणेल, हे कुणी बोललंसुद्धा नाही. कमलाक्षीनं आपणहूनच लिहिलं, "पुढच्या महिन्यात येते." गाढवपणा, जन्मभराचा गाढवपणा! पुढच्या महिन्यात जागा भरलेली होती.

वर्षभरानं छापील निबंध टपालानं आला. वर दुसऱ्याच कुणाचं नाव. दीर्घिका तिच्या, आकडे तिचे, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तिचे आभार.

गोकुळदासनं नेमकी तेवढी ओळ मोठ्यानं वाचली. झालं! आमच्या सुनेचं नाव इंग्रजीत छापून आलं म्हणून घरभर आनंदीआनंद. पेढे आले. देवकीनं ते पान देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि पहिला पेढा सुनेच्या तोंडात घातला. कमलाक्षीला रडूच फुटलं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

"माझं नाव वर हवं होतं," ती कशीबशी म्हणाली.

"वर काय नि खाली काय गो! छापलां मा?" म्हणत सासूनं तिचे डोळे पुसले आणि ताट घेऊन शेजारी पेढे वाटायला गेली.