सुमनचं बियांचं पुस्तक

सुमन गेली. तिची शाळा सुटली त्यात माझा हात होता.

हे मी पन्नास वर्षं कोणालाच सांगितलं नाही. आज सकाळी तिच्या मोठ्या मुलीचा फोन आला, "मावशी, आई गेली." तेव्हापासून मोबाइल हातात धरून नुसती बसले आहे.

मानोऱ्याच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो.

तिच्या घरचा गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा. आम्ही बौद्धवाड्यातले, मजुरी करणारे. पण मी शाळा बुडवली की माझे बाबा त्या दिवशी जेवायचे नाहीत.

सुमनच्या घरी उलटं. आठवी झाली की लग्न, हे ठरलेलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. तेव्हा आपला जिल्हा अकोला होता.

आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी आठवीच्या सगळ्या वर्गाला पुस्तकं करायला लावली. लिहायचं आपण, चित्रं आपली, पानं सुई-दोऱ्यानं आपणच शिवायची आणि कणकेच्या खळीनं पुठ्ठाही आपणच चिकटवायचा. मग त्यांचं प्रदर्शन. उद्घाटन मुद्दाम बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवलं, म्हणजे सगळ्यांच्या घरचे येतील.

"हात लावू नये" अशी पाटी लावायला सरांनी साफ नकार दिला. पुस्तक हातात घेतल्याशिवाय काय कळणार, म्हणाले.

सुमननं भाज्यांचं पुस्तक केलं. एका पानावर एक भाजी. वर खरं बी चिकटवलेलं, खाली ती कशी लावायची ते. बाप काम करता करता बोलायचा, ती लिहून घ्यायची. त्याला पत्ताच नव्हता.

आदल्या दिवशी तिनं मला कोपऱ्यात ओढलं.

"माहा बाप खुश झाला की तू म्हन, काका, हिले मॅट्रिकपर्यंत शिकू द्या."

"मी काहून? सरायले सांग ना."

"सर म्हनतीन तर तो म्हनन, शाळावाले असंच म्हनतात. मी म्हनलं तर मार खाईन. तू म्हन. तुह्या घरी पोरीले बोलू देतात."

मी कबूल केलं. शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार शाळेत लोटला. पिशव्या, टोपल्या, कडेवर लेकरं. पाय ठेवायला जागा नाही.

सुमनचे वडील टोपी हातात घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि मागे सरकली.

त्यांनी पान उघडलं. बियांवरून बोट फिरवलं.

"हे वांगं. हे दोडकं. हे कारलं."

मग एकदम थांबले. "अबे, हे तं माह्या मडक्यातलं बी हाये!"

पुढच्या पेऱ्यासाठी राखेत घालून ठेवलेलं बी. दुष्काळात लेकरांच्या तोंडचा घास वाचवून जपलेलं. सुमनचा चेहरा पांढराफटक.

"मी समजलो उंदरानं खाल्लं," ते म्हणाले, "बायकोले चार दिवस बोलून राह्यलो."

आणि हसले. मोठ्यानं हसले.

मग ते पान उलटत गेले आणि जमलेल्या लोकांना सांगत गेले. ही भाजी केव्हा लावायची, हिला पाणी किती, कीड कशी ओळखायची. खाली लिहिलेलं तेच होतं, जसंच्या तसं. सर ओळीवर बोट ठेवून ताडून बघत होते. टेबलाभोवती लोकांचं कोंडाळं झालं.

शेवटी डोळे पुसून ते सरांना म्हणाले, "पोरगी इतकी हुशार हाये, मले मालूमच नोतं."

सुमननं माझ्याकडे पाहिलं.

मी काकांपासून हातभर अंतरावर होते.

मी गप्प राहिले.

बाहेरून कोणीतरी बैलगाडीसाठी हाक मारली. ते निघून गेले.

उन्हाळ्यात तिचं लग्न लावून तिला मेडशीला दिली.

मी शिकले. मास्तरीण झाले, आज पेन्शन खाते. सुमननं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं आणि दोन्ही पोरींना मात्र हट्टानं शिकवलं.

भेटली की स्वतःच विषय काढायची. "जाऊ दे वं. इतके लोक होते, भेली असशीन तू. अन् तू म्हनलं असतं तरी बापानं काय आयकलं असतं?"

मी मान हलवायची. दर वेळी.

सुमन, मी भ्याले नव्हते.

माझं पुस्तक शेजारच्याच टेबलावर होतं. पोहरादेवीच्या यात्रेची सोळा चित्रं, महिनाभर खपून काढलेली. त्या संध्याकाळी कोणी ते उघडलंसुद्धा नाही. सगळे तुझ्याभोवती होते. मला तुझा हेवा वाटला, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

काकांनी ऐकलं असतं की नसतं, कोण जाणे. ते कळायची वेळच मी येऊ दिली नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायला हात धजत नाही.

माफ कर वं, सुमन.